चष्मेवाल्यांची दुर्बीण

मी एक दुर्बीण बोलते आहे. या घटनेतील माझा वाटा आधीच सांगून टाकते. ज्यांच्या घरी मी राहते, त्या गृहस्थांचा उजवा डोळा अधू होत चालला होता. त्याची साक्ष मी पहिल्याच संध्याकाळी दिली आणि पुढचे सात महिने ती माझाच दोष म्हणून गणली गेली. माझ्यातून पाहताना माणसाला एक डोळा मिटावा लागतो. मी केले ते एवढेच.

मला त्याचा राग नाही. घडले त्याचा आनंदही नाही. माझ्या पोटात आरसा आहे, आणि आरशाला स्वतःचे असे काही नसते. समोर येईल ते तो परत देतो.

माझा जन्म काचेच्या एका जाड चकतीतून झाला. ती दुसऱ्या चकतीवर दिवसेंदिवस घासली गेली, तेव्हा कुठे तिला हवी तेवढी खोली आली. मग निर्वात पात्रात ठेवून तिच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवला गेला. घरातल्या आरशाचा थर काचेच्या मागे असतो, माझा पुढे असतो, उघडा. घासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरले, "साडेचार इंची, ठीक," असे म्हटले आणि पुढची चकती घेतली. माझ्याबद्दल इतके खरे त्यानंतर बराच काळ कोणी बोलले नाही.

कारण पुढच्याच खोलीत माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला कागद डकवला गेला: "सहाशे पंचाहत्तर पट मोठे पाहा!"

तुम्ही पहिल्यांदाच दुर्बीण घेणार असाल, तर या "पट" शब्दाकडे पाठ फिरवा. दुर्बिणीची खरी ऐपत तिच्या आरशाच्या किंवा भिंगाच्या रुंदीवर ठरते, कारण जेवढी रुंदी तेवढा प्रकाश. रुंदीच्या दर इंचामागे फार तर पन्नास पट, त्यापुढे चित्र मोठे होते आणि धूसर होत जाते. दुकानात गेलात की आधी रुंदी विचारा. मग स्टँडला बोटाने हलकी टिचकी मारा. नळी तीन-चार सेकंदांहून अधिक थरथरत राहिली, तर ती तिथेच राहू द्या. शक्य असेल तर त्याआधी कोणाच्या तरी दुर्बिणीतून एकदा पाहून या. चंद्र छायाचित्रातल्यासारखा दिसतो, बाकी पुष्कळशा गोष्टी फिकट ठिपक्यांसारख्या दिसतात, हे घरी आणण्यापूर्वीच कळलेले बरे.

मला विकत घेणारे गृहस्थ चष्मेवाले होते. "मोठा नंबर म्हणजे चांगला चष्मा नव्हे," असे गिऱ्हाइकांना तीस वर्षे समजावून सांगणारा माणूस खोक्यावरचा आकडा पाहून हरखला. विक्रेता म्हणाला, "साहेब, यापेक्षा जास्त पट आख्ख्या बाजारात नाही." चष्मेवाल्यांनी मान डोलावली. रुंदी त्यांनी विचारली नाही.

त्यांचे दुकान खाली, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. गल्ल्यावर त्यांच्या पत्नी बसत. दिवसा मला दुकानातच, फ्रेमांच्या कपाटाशेजारी उभे करीत. मला पाहताच पत्नी म्हणाल्या, "घरात एक जण आभाळाकडे बघत बसतोच. आता ही तीन पायांची जोडीदारीण!"

"शनीची कडी बघायचीय मला. स्वतःच्या डोळ्यांनी. लहानपणापासून मनात आहे."

"बघा की. मी कुठं नाही म्हणतेय? फक्त कपाटाचं दार उघडेल एवढी जागा ठेवा."

पहिल्या संध्याकाळी त्यांनी नवशिक्यांच्या सगळ्या चुका एका बैठकीत केल्या. उबदार दुकानातून मला थेट गार गच्चीवर नेऊन लगेच डोळा लावला. माझा आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा तास तरी लागतो, तोवर चित्र उकळत्या पाण्यासारखे हलते. माझ्या पाठीवरची छोटी शोधक दुर्बीण माझ्याशी एका रेषेत आहे की नाही, हे दिवसाउजेडी लांबच्या एखाद्या मनोऱ्यावर पाहून जुळवायचे असते. ते त्यांनी केले नाही. आणि डोळ्याजवळ बसणाऱ्या भिंगांपैकी, म्हणजे नेत्रिकांपैकी, सर्वांत जास्त पट दाखवणारी बसवली. तिच्यातून आभाळाचा तिळाएवढा तुकडा दिसतो. त्यात शनी सापडायला तासभर गेला.

सापडला, तेव्हा त्यांनी सवयीने डावा डोळा मिटला. चष्म्याचा नंबर तपासायच्या यंत्रातही ते तीस वर्षे उजव्यानेच पाहत आले होते.

"धुरकट आहे," ते म्हणाले. "मधोमध डाग आहे. आरसा मळलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझी नळी उघडली, खिशातला मऊ रुमाल काढला, आरशावर हाः केले आणि पुसले. अशी चूक केवळ चष्मेवालाच करू शकतो. दुसऱ्या कोणी माझ्या अंगाला हात लावायचेही धाडस केले नसते. त्यांच्या हातांना मात्र काच दिसली की पुसणे ठाऊक. आरशावर थोडी धूळ असली तरी बिघडत नाही, तिला तशीच राहू द्यावी. पुसले की उघडा थर ओरखडतो. दर रविवारी ते पुसत राहिले आणि दर रविवारी माझा थर थोडाथोडा जात राहिला. दुखले का, असे विचाराल तर नाही. जे कमी झाले, ते कमी झाले.

डाग मात्र गेला नाही.

पुढे दुकानातले नंबर तपासायचे यंत्रही त्यांना धुरकट दिसू लागले. तेही त्यांनी पुसले. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आपला नवा चष्मा घेऊन तिसऱ्यांदा परत आल्या.

"दादा, सुईत दोरा ओवायला घेतला की मला दोन सुया दिसतात. पगार एकाच सुईचा मिळतो हो!"

चष्मेवाले हसले, यंत्रात डोकावले आणि म्हणाले, "नंबर बरोबर आहे. सवय होईल."

त्या चष्मा गल्ल्यावरच ठेवून गेल्यावर पत्नी हळू आवाजात म्हणाल्या, "हा या महिन्यातला पाचवा परत आलेला चष्मा आहे."

"काचाच हल्ली बऱ्या येत नाहीत."

 पत्नींनी पाचही चष्मे एका खोक्यात ठेवले आणि ते खोके गल्ल्याखाली सरकवले. तीस वर्षांत मिळवलेला लोकांचा विश्वास त्या खोक्यात जात होता, हे त्या दोघांनाही माहीत होते. त्याविषयी घरात कोणी बोलत नव्हते. जेवणे वेळेवर होत होती, दुकान वेळेवर उघडत होते. त्या घरात जे बधिरपण पसरले होते, ते मला ओळखीचे वाटले. मी घडले तेव्हापासून तशीच आहे.

"ही नळी विकून टाका," पत्नी एकदा एवढेच म्हणाल्या. "हिच्यापायी तुमचं कामात लक्ष नाही."

मग चष्मेवाल्यांची थोरली बहीण चार दिवस राहायला आली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे साहाय्यक म्हणून काम करून ती निवृत्त झाली होती. आल्याआल्या तिने माझी नळी उघडली आणि आरसा उजेडाकडे धरला.

"हे काय करून ठेवलंस?"

"स्वच्छ केला, ताई."

"स्वच्छ? अरे, खरवडलायस! हा काय कोणाच्या नाकावरचा चष्मा आहे?"

"दिसत नव्हतं नीट."

"मग आधी आरशालाच शिक्षा? आमच्याकडे एखादं माप चुकलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदललं ते सांगायचं. तू सगळं एकदम पुसत सुटलास."

दुपारी तिने गच्चीवरून लांबची पाण्याची टाकी माझ्या मोठ्या नळीत मधोमध आणली आणि शोधक दुर्बिणीचे स्क्रू पिळून तीच टाकी तिच्याही मधोमध बसवली. सूर्य त्याच बाजूला कलू लागताच तिने मला लगेच वळवले. सूर्याकडे माझ्यातून चुकूनही पाहू नका; त्यासाठी खास बनवलेला फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवलेला नसेल, तर डोळा क्षणात जातो. दिवस मावळण्यापूर्वी तिने मला गच्चीवरच सावलीत ठेवून थंड होऊ दिले. मग सर्वांत कमी पट दाखवणारी नेत्रिका बसवली आणि आधी चंद्र दाखवला. नवशिक्यांनी सुरुवात चंद्रापासूनच करावी, तीही तो अर्धा असताना. तेव्हा सावल्या लांब पडतात आणि खड्डे उठून दिसतात.

मग शनी. मधली नेत्रिका. आधी पत्नी वाकल्या.

"अगं बाई! हे चित्र आतून चिकटवलंय का हो ताई?"

"चिकटवलेलं असतं तर सरकलं असतं का? बघ, कडेला चाललाय. पृथ्वी फिरतेय. हे बटण हळूच फिरव."

"कडी आहे. खरंच कडी आहे," पत्नी म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "अहो, या. दिसतंय."

चष्मेवाले वाकले. डावा डोळा मिटला. बराच वेळ ते तसेच राहिले.

"धुरकट आहे. मधोमध डाग आहे."

बहिणीने नेत्रिका बदलली. "आता फक्त भिंग बदललंय. बघ."

"डाग आहे."

तिने स्वतः पाहिले. शनी स्वच्छ होता. थर खरवडला गेल्यामुळे थोडा फिका, पण कडीसकट. ती सरळ उभी राहिली. मघाची जरब तिच्या आवाजात उरली नव्हती.

"दुर्बीण तीच, भिंग तेच. आता फक्त डोळा बदल. डाव्यानं बघ."

ते पुन्हा वाकले. आता उजवा डोळा मिटला. मी त्यांना शनी दिला, जसा पत्नींना दिला होता तसाच. लहानपणापासून जे पाहायचे होते, ते त्यांना दिसत होते.  मग त्यांनी पुन्हा उजवा डोळा लावला, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. त्यानंतर वाकले नाहीत.

"दिसली का हो कडी?" पत्नींनी विचारले.

"दिसली."

"मग?"

"डाव्यानं दिसली."

 खालच्या रस्त्याने कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

पत्नी म्हणाल्या, "असं कोणी आपल्या दुकानात येऊन सांगितलं, की एका डोळ्यानं बघितलं तर मधोमध डाग दिसतो, तर तुम्ही त्याला काय सांगता?"

"चष्मा देत नाही. म्हणतो, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा."

"मग?"

ते गच्चीच्या कठड्यावर बसले. "मी ती सुईवाली बाई परत पाठवली. सवय होईल म्हणालो तिला."

डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तपासले. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपून व्रण झाला होता. डोळ्यात इंजेक्शने देऊन उरलेले टिकवता येईल; गेलेले परत येईल याची हमी नाही. सात महिन्यांपूर्वी आला असतात तर, असे वाक्य डॉक्टरांनी सुरू केले आणि अर्धवट सोडले. चष्मेवाल्यांनी घरी येऊन ते तसेच, अर्धवटच सांगितले. रडले कोणीच नाही. बहिणीने चहा केला. तो तिघांनी संपवला.

आज माझ्या नळीत आरसा नाही. नवा थर चढवायला तो बाहेर गेला आहे आणि मी फ्रेमांच्या कपाटाशेजारी दोन्ही बाजूंनी पोकळ उभी आहे. समोरचे काहीच मला परत देता येत नाही. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्यातून एकदा उजव्या डोळ्याने पाहा आणि एकदा डाव्या. दोन चित्रे वेगळी आली, तर रुमाल खिशातच राहू द्या आणि डॉक्टरांकडे जा. एवढेच मागणे आहे.

काल रात्रीच्या जेवणानंतर तिघांनी बसून ठरवले. परत आलेले पाचही चष्मे नव्याने करून घरपोच द्यायचे आणि चूक कोणाची होती ते दारात उभे राहून सांगायचे. हे चष्मेवाल्यांनी स्वतःच सुचवले. नंबर तपासायला एक शिकलेली मुलगी ठेवायची आणि त्यांनी त्या यंत्राला हात लावायचा नाही. हे बहिणीने सुचवले, पत्नींनी होकार दिला, आणि चष्मेवाले बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत राहून "बरं" म्हणाले.

शेवटी माझा विषय निघाला. "आरसा आला की विकून टाकू," ते म्हणाले. "माझं बघून झालं."

"ठेवायची," पत्नी म्हणाल्या. "दर रविवारी वर न्यायची. आधी उजवा, मग डावा. मला सांगायचं काय दिसतं ते."

बहीण "हो" म्हणाली. मग दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांनीही "हो" म्हटले.