जयवंताबाईंच्या अंगठ्यावरची निर्गुडी

मी निर्गुडी बोलते आहे. जे घडले त्यात माझा वाटा किती, ते आरंभीच स्पष्ट करते. जयवंताबाईंच्या पायाच्या सुजलेल्या अंगठ्यावर बांधलेली पाने माझी होती. दुखणे वाढवणारा पदार्थ मात्र माझा नव्हता.

भीमपूरजवळच्या एका गावात, लक्ष्मणरावांच्या कुंपणाशी माझी फांदी बारा वर्षांपूर्वी खोचली गेली. बकऱ्या मला तोंड लावत नाहीत, म्हणून मी टिकले. आखडलेल्या सांध्याला माझ्या पानांच्या शेकाने बरे वाटते, म्हणून मला मान मिळाला.

येथे औषधाची पाने ओरबाडत नाहीत. आदल्या संध्याकाळी झाडाला हळदकुंकू वाहून आवतन द्यायचे आणि पहाटे न बोलता पाने खुडायची. जयवंताबाईंनी हा नियम कधीच मोडला नाही. बाकीचे सर्व नियम मात्र त्या घराने मोडले.

पावसाळा सरताना त्यांचा अंगठा लाल होऊन ठसठसू लागला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी वातरक्त, म्हणजे गाऊट, असल्याचे सांगितले, गोळ्या दिल्या, पथ्याचा कागद लिहून दिला. गोळ्या डब्यात गेल्या, कागद लक्ष्मणरावांच्या खिशात.

"हाडाले हाडाचीच ताकद लागते, पी तू!" असे म्हणत ते दर रविवारी पत्नीला बोकडाच्या खुरांचा रस्सा पाजत. चोखलेली हाडे माझ्या बुडाशी पडत. मंगळवारी अंगठा पेटे आणि संध्याकाळी मला आवतन येई. रविवारी हाडे, मंगळवारी हळदकुंकू! आठ आठवडे मी हे पाहिले. माझी वाचा त्यांना ऐकू येत असती, तर मी ओरडले असते.

इतक्यात कापूस फुटला. पहिल्या वेचणीपूर्वी घरची जाणती बाई शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवते. त्यास सीतादही म्हणतात. तीस वर्षे हा मान जयवंताबाईंचा होता. दिवस उद्यावर आला आणि त्यांना चप्पलही घालवेना.

"तोडा ते झाड!" त्या ओसरीवरून कडाडल्या. "इतकी आवतनं देली, तरी पाय भुईले टेकत नाई!"

लक्ष्मणराव कुऱ्हाड घेऊन आले. मागोमाग त्यांची सून रूपाली धावली. तिने माझ्या बुडाचे गवत बाजूला केले.

"मामाजी, थांबा. हा खुरांचा ढीग काऊन हाये इथं? डॉक्टरनं मटन, रस्सा बंद सांगतला होता. कागद कुठी हाये?"

लक्ष्मणरावांनी खिसा चाचपला. घडी उलगडून तिने पहिली ओळ मोठ्याने वाचली.

"म्हंजे तुमी मले आठ हप्ते दुखणंच पाजून राह्यले होते?" जयवंताबाई म्हणाल्या.

"तू तं वाटी चाटूनपुसून पेत होती!"

कुऱ्हाड भिंतीला टेकली. माझी अपेक्षा फार नाही. मला बोलावण्याआधी तो कागद एकदा वाचत जा, एवढेच.

त्याच अंगणात ठरले ते असे: रस्सा कायमचा बंद, डॉक्टरांना पुन्हा दाखवून गोळ्या नेमाने, अंगठा लाल आणि तापलेला असेपर्यंत माझ्या पानांचा शेक नाही. या तिन्ही गोष्टी तिघांनीही मान्य केल्या. चौथी अशी की, उद्याचा नैवेद्य रूपालीने दाखवावा. लक्ष्मणराव लगेच हो म्हणाले. जयवंताबाईंनी एकदा चप्पल घालून पाहिली आणि ती बाजूला सारली.

"दही आंबट नको नेऊ," त्या अखेर सुनेला म्हणाल्या. आणि हीच त्यांची संमती, असे सर्वांनी मानले.