मावशींनी लिहिलेला ‘जर’

मित्रांनो, माझ्या पाठीवर अजून ‘कार्यालय’ अशी चिठ्ठी चिकटलेली आहे, पण कार्यालयाने मला कधीच बाहेर काढले. मी एक जुना संगणक आहे. तरुणपणी मी कारखान्याच्या काचेच्या खोलीत होतो. शिपाई मला रोज मऊ फडक्याने पुसायचा आणि पाहुणे आले की साहेब मला कौतुकाने दाखवायचे. मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी गोदामामागच्या खोलीत झाली. तिथे कामगारांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग भरायचा. ज्यांचे हात यंत्रात गेले होते त्यांना, दुसरे काम मिळेपर्यंत, तिथे बसवून ठेवत.

एके सकाळी माझ्यासमोर एक कामगार बाई येऊन बसल्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. डब्यांची पत्र्याची झाकणे दाबून काढणाऱ्या यंत्रावर त्यांची एकोणीस वर्षे गेली होती. उजव्या हाताची दोन बोटेही तिथेच गेली. उरलेली बोटे त्यांनी माझ्या कळांवर अशी ठेवली, जणू मीही चावेन.

सुरुवातीला त्यांचे सारखे चुकायचे. कधी कंस राहायचा, कधी अवतरणचिन्ह. मी लाल अक्षरांत चूक दाखवली की त्या मलाच म्हणायच्या, “चुकलं हं माझं.” शिकवणाऱ्या सरांनी त्यांना समजावले की संगणक रागावत नाही. त्याला आपणहून काही कळत नाही, म्हणून सगळे फोडून सांगावे लागते. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, हे त्यांना चटकन पटले. तेच ते काम पुन्हा पुन्हा करणारा लूप पाहून तर त्या हसल्या. हात पुढे, हात मागे, हा लूप आपण एकोणीस वर्षे चालवला, असे त्या म्हणाल्या. वर्गात इतर कुणी हसले नाही.

मग ‘जर’चा धडा आला. जर अमुक झाले तर हे कर, नाहीतर ते कर. मावशींनी कळांवरून हात उचलला.

“सर, म्हणजे खाली हात दिसला तर थांब, असं यंत्राला सांगता येतं?”

“येतं,” सर म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

तीन दिवस खपून मावशींनी तो प्रोग्राम लिहिला. ‘हात आहे’ असे टंकले की मी ‘थांब’ लिहायचो. त्यांनी तो अकरा वेळा चालवून पाहिला. अकराही वेळा मी थांबलो.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद आणि पेन घेऊन आले. अपघात आपल्याच निष्काळजीपणामुळे झाला, असे लिहून दिले की मावशींना गोदामात कायमचे काम मिळणार होते. मावशींनी कागद बाजूला सारून त्यांना माझा पडदा दाखवला.

“साहेब, एवढं त्या यंत्रात घाला. माझ्या जागी आता माझ्या बहिणीची मुलगी बसते.”

साहेबांचा आवाज शांत होता. “ते यंत्रात पहिल्यापासून आहे, मावशी. पण चालू ठेवलं की यंत्र सारखं अडतं, माल निघत नाही. म्हणून बंद ठेवलंय.”

मावशींनी पेन उचलून साहेबांच्या हातात परत दिले.

“मग निष्काळजी मी कशी?”

त्या उठल्या आणि चालत्या झाल्या. पुढचे मला सरांच्या बोलण्यातून कळले. मावशी सरळ यंत्रांच्या शेडमध्ये गेल्या आणि भाचीला दंडाला धरून उठवले. त्या दिवशी दोघींचेही काम गेले. यंत्र जेमतेम अर्धा तास बंद राहिले. मग तिथे दुसरी बाई बसली. सरांनी सरकारच्या कारखाना तपासणी खात्याला दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. पुढे तो वर्ग बंद झाला आणि सरही दिसेनासे झाले.

आता माझ्यावर धूळ साचते. त्याचे मला फारसे दुःख नाही. पण मित्रांनो, तुम्ही ही विद्या शिकाल, उद्या मोठमोठ्या यंत्रांना हुकूम लिहाल. कुणीतरी येऊन तुम्हाला ‘थांब’ पुसायला सांगेल. आम्हा यंत्रांना नाही म्हणता येत नाही. तेवढे तुम्ही म्हणा.