उंबऱ्याबाहेरचा पाय

मी एक जुना लाकडी पाय आहे, आणि तोही डावा. हसू नका मित्रांनो. निजामाच्या राजवटीत पाटोद्याकडच्या आमच्या गावात माझ्याइतका तोऱ्यात चालणारा दुसरा कोणी नव्हता.

माझे धनी शहादेव हे गाडीवान. भरल्या गाडीचे चाक त्यांच्या पावलावरून गेले, जखम चिघळली आणि बीडच्या दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला. तिथल्या तीन महिन्यांत त्यांच्या बायकोच्या, भिवराबाईंच्या, दोन्ही शेळ्या विकल्या गेल्या. निघताना डॉक्टर म्हणाले, "गुडघा वाचला आहे, तो जपा. तो आहे तोवर गाडी हाकाल."

मग गहिनीनाथ सुताराने मला शिवणीच्या हलक्या लाकडातून घडवले. खाली टोक झिजू नये म्हणून बसवलेली लोखंडी शेंबी, वर पाय बसायला खोलगट वाटी आणि वाटीत मऊ चामड्याचे अस्तर. पहिल्या दिवशी धनी तीनदा पडले, पण महिनाभरात आम्ही मांजरसुंब्याला ज्वारीची पोती पोचवून आलो. बैलही माझी टकटक ओळखू लागले.

घरी मात्र माझा अपमान ठरलेला. घर एका खोलीचे, त्यातच देव्हारा. भिवराबाई दारातच अडवत.

"चामडं आत न्हाई यायचं. काढा त्याला."

"आगं, जोडा हाय का ह्यो? पाय हाय माजा."

"पाय आसंल. पर चामड्याचा हाय."

मग रोज संध्याकाळी मी चपलांच्या रांगेत, एका फाटक्या जोड्याच्या शेजारी. आत भिवराबाई दिव्याजवळ बसून धन्यांचा तुटका पाय कोमट पाण्याने धूत, निरखून पाहत, तेल लावत. मी बाहेर जळफळत असे.

धन्यांनाही ही रोजची काढघाल नकोशी झाली. एके दिवशी त्यांनी अस्तरच उपटून फेकले. आता मी निव्वळ लाकूड, मला कोण अडवणार? मी थेट देव्हाऱ्यापर्यंत मिरवलो, पंगतीला बसलो. मला फार आनंद झाला. धनी मला निजतानाच काढत, तेही दिवा मालवल्यावर, त्यामुळे पाय कोणी पाहीना. कोरड्या लाकडाने फोड आला, फुटला, आणि ते गुपचूप चालत राहिले. मला ओल जाणवत होती, पण बोलता कुठे येते?

एका सकाळी भिवराबाईंना माझ्या वाटीत रक्त दिसले. त्यांनी स्वतः गाडी जुंपली आणि धन्यांना बीडला नेले. डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस उशीर झाला असता तर गुडघाही कापावा लागला असता."

"कावून सांगितलं न्हाई?" भिवराबाईंनी विचारले.

"तू पुना त्याला भाईर ठिवशील म्हून."

रडता रडता भिवराबाईंना हसू आले.

जखम भरेपर्यंत मी कोपऱ्यात भीत उभा होतो. गुडघा गेला असता तर मी चुलीत गेलो असतो. मोच्याने नवे अस्तर बसवले, आणि त्या संध्याकाळी धन्यांनी कोणी न सांगता मला स्वतःच्या हाताने उंबऱ्याबाहेर ठेवले. त्या फाटक्या जोड्याला पाहून मला प्रथमच बरे वाटले.

मित्रांनो, घरी कोणाचा पाय दुखरा असेल तर रोज उजेडात धरून पाहा, आणि तुमचा असेल तर पाहू द्या. भिवराबाईंनी अठ्ठावीस वर्षे मला दारात अडवले. धन्यांचा गुडघा शेवटपर्यंत धन्यांचाच राहिला.