पुतळाबाईंच्या घशात अडकलेला शब्द

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि वय तर विचारूच नका. मी 'कोंब' नावाचा एक जुना शब्द आहे. बोलणाऱ्याचं तोंड हेच माझं घर.

बी रुजून पहिलं टोक वर काढतं, तेव्हा लोक माझं नाव घेतात. उसाच्या डोळ्याला मी फुटतो, टोपलीत विसरलेल्या बटाट्यालाही फुटतो. मटकी मात्र माझ्या भावाकडे, मोडाकडे गेली. त्याचा मला अजून थोडा राग आहे. गंगापूरकडे शेळ्या राखणाऱ्या पुतळाबाईंनी तर मला करडाच्या डोक्यावर बसवलं. त्याच्या कपाळावर शिंगाचं टोक हाताला लागलं, की त्या म्हणत, "कोंब आला." इतका मान मला कुणी दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात पुतळाबाईंना लकवा झाला. शेळ्या विकून मुलानं आणि सरितानं, म्हणजे सुनेनं, त्यांना शहरात, क्रांती चौकाजवळच्या आपल्या घरी आणलं. त्यांना सगळं समजे, पण तोंडातून शब्द निघेना. आम्ही सगळे घशात अडकलो. माझ्या शेजारचे 'करडू' आणि 'कळप' दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. उद्या आपली पाळी, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला.

सरिता सासूला फार जपायची. त्यांचे ओठ हलले, की पाणी हवं का, पांघरूण हवं का, असं तीच विचारून मोकळी व्हायची. पुतळाबाई नुसती मान हलवत. बोलायला शिकवणाऱ्या लुबना मॅडम म्हणत, जितका उशीर, तितकं अवघड. त्या विमानाचं, सफरचंदाचं चित्र दाखवत, तेव्हा पुतळाबाई तोंड फिरवत.

एका दुपारी मॅडम शहागंजच्या बाजारातून आलं घेऊन आल्या. चित्रं बाजूला सारून त्यांनी ते पुतळाबाईंच्या तळहातावर ठेवलं. अंगठा फिरत फिरत एका हिरव्या टोकावर थांबला. मी दचकलो. थोड्या वेळानं सरितानं ते आलं चहासाठी ठेचायला उचललं.

पुतळाबाईंचे ओठ हलले. सरिता सवयीनं काही विचारणार, तेवढ्यात मॅडमनी तिचा हात धरला.

"थांबा ताई. त्यांनाच बोलू द्या."

मी जिभेपर्यंत आलो, घसरलो, पुन्हा वर आलो. आता नाही तर कधीच नाही, म्हणून मी ओठांना धडक दिली.

"कोंब," पुतळाबाई म्हणाल्या. मग दम खाऊन म्हणाल्या, "कोंब हाय. मोडू नको."

सरिता आलं हातात धरून रडू लागली. त्या दिवशीचा चहा बिनआल्याचा झाला. ते आलं आता गॅलरीत, माती भरलेल्या डब्यात लावलं आहे. पुतळाबाईंना एखाद्या दिवशी नवा शब्द सापडतो, एखाद्या दिवशी नाही. 'कळप' अजून आलेला नाही.

म्हणून विनवतो, मित्रांनो, कुणी अडखळलं तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. जरा थांबा. आत कुणीतरी जिवाच्या आकांतानं वर येत असतं.