मद्रासच्या जागी भोक

मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी एक जुना नकाशा आहे, कापडावर चिकटवलेला, भारताचा. माझ्यावर झारखंड नाही, छत्तीसगड नाही, उत्तराखंडही नाही. चेन्नईला मी अजून मद्रासच म्हणतो, आणि नेमकं त्याच जागी मला भोक पडलं आहे. ते कसं पडलं, तेवढं ऐका.

माझा जन्म १९५२ सालचा, याच मद्रास शहरातल्या एका छापखान्यातला. तेव्हा मी काय देखणा होतो! एका शाळेत दत्ताजी नावाचे भूगोलाचे शिक्षक होते, त्यांच्या वर्गात मला टांगलं. दत्ताजी तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ.

वर्ष-दीड वर्षात आंध्र वेगळा झाला. शाळेला नवा नकाशा मिळेना. दत्ताजींनी मला टेबलावर पसरलं, जुनी रेघ ब्लेडने अलगद खरवडली आणि टाकाने नवी ओढली. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! शेजारच्या वर्गाचे तेलुगू मास्तर मुद्दाम बघायला आले आणि आपल्या गावावर बोट ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं झाली, तेव्हा तर माझा चेहरामोहराच बदलला. दत्ताजी मुलांना समजावत, "आता कोण्या म्हातारीचा अर्ज तिच्याच भाषेत लिहिला जाईल. कचेरीत काय बोलतात ते तिला कळेल. त्यासाठी या रेघा."

१९६० च्या मे महिन्यात त्यांनी माझ्यावर महाराष्ट्र काढला, लाल शाईने, चांगला ठसठशीत. शाळा उघडल्यावर वर्गात खडीसाखर वाटली. एका मुलाने विचारलं, "सर, हे तुमचं राज्य?"

"माझे नव्हे रे," दत्ताजी हसून म्हणाले. "माझ्या भाषेचे."

ते दिवस आठवले की अजून भरून येतं. दत्ताजी निवृत्त झाले तेव्हा शाळा मला अडगळीत टाकणार होती. त्यांनी मला गुंडाळून काखेत मारलं आणि इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात आणून लावलं. इथे दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. शिकवायला सुनंदाबाई होत्या, बदली होऊन साताऱ्याहून आलेल्या, बँकेत नोकरीला. त्यांनी एक छान प्रथा पाडली. वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येक मुलाने कुंकवात बोट बुडवायचं आणि लाल रेघेच्या आत आपलं गाव शोधून टिकली लावायची. मला तर मिरवणुकीत निघाल्यासारखं वाटायचं.

२००३ साली दत्ताजींची नात वर्गात आली. हरिणी, नऊ वर्षांची, इथल्याच पेरुंगुडी उपनगरात राहणारी. तिचे आई-वडील दिवसभर ऑफिसात, बोलायचे ते तमिळ नाही तर इंग्रजी. ती मराठी बोलायची ती फक्त आजोबांशी, त्यांना मात्र तमिळ मुलांसारखं 'ताता' म्हणायची, आणि आपल्यामागे घरातली मराठी हीच राखेल, एवढी एकच आशा दत्ताजींना होती.

हरिणीचा नंबर आला. तिने टाचा उंचावल्या आणि तंजावरवर बोट टेकवलं.

"बाई, ही बघा! महाराष्ट्राच्या बाहेर टिकली लावते!" हेरंब ओरडला. त्याचे वडील मद्रासच्याच आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यात. मुलं खो-खो हसली.

"अगं, ते नाही. तुमचं मूळ गाव कुठलं?" सुनंदाबाईंनी मायेनेच विचारलं. पण तीनशे वर्षांपूर्वीचं गाव त्या पोरीला कुठून ठाऊक असणार? तिने बोट परकराला पुसलं आणि जागेवर जाऊन बसली. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला अडवणारी रेघ माझ्याच छातीवर होती, आणि ओढली होती तिच्याच आजोबांनी.

तिसऱ्या रविवारी दत्ताजी आले. पंचाहत्तरीचे, बसने, घामाघूम. हरिणी त्यांच्यामागे दारातच थांबली.

"बाई, ही रेघ माझी आहे," ते म्हणाले. "आनंदाने ओढली होती. सरकारचे बोलणे लोकांस कळावे म्हणून. कोण मराठी आणि कोण नव्हे, हे ठरवावयास नव्हे. ही घरी विचारते, ताता, मी मराठी नव्हे का? मी काय सांगू हिला?"

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, दत्ताजी," त्या म्हणाल्या. मग एकदम मुलांकडे वळून म्हणाल्या, "हेरंब, आज सकाळी तुला मराठीत कुणी उठवलं?"

"आईने."

"कुठे?"

"घरी. आवडीला."

"मग टिकली तिथे लाव. सगळ्यांनी तसंच करायचं. आज मराठी जिथे ऐकली तिथे. पण पहिली हरिणी."

हरिणी दारातून आत आली. माझ्यावर मद्रास म्हणजे तुरीच्या डाळीएवढा ठिपका. तिने त्यावर टिकली लावली. मग हेरंबने, मग उरलेल्या पंधरा जणांनी, सगळ्यात शेवटी सुनंदाबाईंनी. सतरा मुलं आणि बाई, सगळे त्या एवढ्याशा ठिपक्यावर! दत्ताजी खुर्चीत बसून डोळे पुसत होते, आणि मला रडता येत नव्हतं म्हणून मी नुसताच फडफडलो.

तेव्हापासून प्रथा तशीच चालली, आणि वर्षातून एकदा नव्हे, दर रविवारी. बोटांनी आणि कुंकवाने माझा कागद झिजला, मग कापड झिजलं, आणि भोक पडलं. सुनंदाबाई बदली होऊन गेल्या. गेल्या वर्षी दत्ताजी वारले. मंडळाचे नवे चिटणीस म्हणाले, "फाटलाय, जुनाही झालाय, रद्दीत द्या." पंधरा वर्षांची झालेली हरिणी आडवी आली. आता रविवारी लहान मुलांना तीच शिकवते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, जुने नकाशे फेकू नका. रेघा कुणी आणि कशासाठी ओढल्या ते विचारून ठेवा. आणि रेघेबाहेर कुणी तुमची भाषा बोलत असेल, तर त्याला हसू नका. माझं भोक मात्र शिवू नका. परवाच एक नवी चिमुरडी आली. हरिणीने तिला उचलून धरलं. कुंकवाचं बोट माझ्यातून आरपार गेलं आणि टिकली थेट भिंतीवर उमटली, चेन्नईच्या भिंतीवर.