मनावरचं वांगं

मधुवंतीने गॅसवरचं वांगं चिमट्याने फिरवलं. साल तडकली, रस आचेवर चुरचुरला आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच धारच्या त्या स्वयंपाकघरात भरिताचा वास सुटला. बाबा देवळातून परतायच्या आत तिला पान वाढून ठेवायचं होतं.

हे वांगं आईच्या माहेरचं, मनावर गावचं. आई दरवर्षी त्याचं बी धरायची. ती गेली आणि बी धरायचं कुणाला सुचलंच नाही. परसातलं शेवटचं झाड मर रोग लागून माना टाकू लागलं, तेव्हा मधुवंतीने शेंड्याची हिरवी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून देवासला नेली. तिथल्या प्रयोगशाळेत ती बटाट्याची रोपं बाटल्यांत वाढवते. साहेबांनी मांडणीचा एक कोपरा वापरू दिला. पहिल्या बाटल्या बुरशीने खाल्ल्या. पुढच्या खेपेला पानाच्या तुकड्यांवर पेशींचा गोळा धरला, गोळ्याला कोंब आले, कोंबांना मुळं फुटली. रविवारी सगळे आपापल्या घरी असताना ही बाई त्या बाटल्यांशी बोलत बसायची. दुसरं होतं कोण बोलायला?

बाबांना मात्र तिने काही कळू दिलं नाही. आशा लावायची आणि मग हात हलवत यायचं, हे तिला नको होतं. शिवाय अशा गोळ्यातून उगवलेलं रोप कधी कधी मूळ झाडासारखं निघत नाही. कुंडीत लावलेल्या रोपाला धरलेलं हे वांगं दिसायला हुबेहूब होतं, पण चवीला तेच आहे का, हे सांगणारी जीभ आता एकच उरली होती. मधुवंतीची स्वतःची जीभ कुचकामाची. जेवताना तिचं डोकं कायम पुस्तकात.

श्रीपादराव देवळातून आले, हातपाय धुऊन पाटावर बसले आणि पान पाहून थबकले.

"भरीत?"

"मनावरचं आहे बाबा. आपल्याच झाडाच्या पानापासून रोप केलं, लॅबमध्ये."

 त्यांनी वाटी हलकेच तिच्याकडे सरकवली.

"अगं, मी तर गयाजीला वांगं सोडून आलो न. तुझ्या आईच्या नावाने. आवडतं तेच जन्मभरासाठी सोडतात तिथे."

ते शेजारच्या भैयांबरोबर गयेला जाऊन आले, हे तिला ठाऊक होतं. तिथे काय सोडलं, हे विचारायचं राहून गेलं होतं. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"तू खा," बाबा म्हणाले. "मला सांग फक्त."

तिने घास घेतला. कडवट लागला, गिळल्यावरही कडवटपणा जाईना. म्हणजे फसलंच सगळं. बाबा तिच्या तोंडाकडे एकटक बघत होते.

"कसं आहे?"

"छान. गोडसर."

"कडू बिलकुल नाही?"

"अजिबात नाही."

श्रीपादरावांनी मान खाली घातली.

"मग ते नव्हे बेटा. आपलं थोडं कडूच असायचं. तुझी आई गुळाचा खडा घालायची, म्हणून तुला कधी कळलं नाही."

मधुवंतीचा हात पानातच थांबला.

"बाबा, कडू आहे. खरंच कडू आहे."

ते हसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "राहू दे गं. माझ्यासाठी एवढं केलंस, तेच पुष्कळ झालं."

आणि ते उठून बाहेर ओटीवर जाऊन बसले. मधुवंतीने वाटीतलं भरीत एकटीने, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.