टेकडीचा खांदा

आईच्या अस्थींचं गाडगं मांडीवर घेऊन मी डोंग्यात बसले होते आणि बाप नि भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. पहाटेचे चार वाजले होते. आमचं जुनं गाव या धरणाच्या पाण्याखाली गेलंय. आईची शेवटची इच्छा एकच: माझी हाडं माझ्या उंबऱ्यावर टाका. उंबरा आता दोन पुरुष खोल पाण्यात. तो शोधायचा कसा, यावरून या दोघांनी दहा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. छत्तीसचा आकडा तर आधीपासूनचाच.

बाबा अंगणात बाजेवर झोपायचे तेव्हा ध्रुव नेमका गावामागच्या टेकडीच्या उजव्या खांद्यावर दिसायचा. ती खूण धरून जायचं आणि मग बांबूने तळ चाचपायचा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर अंधारात निघालो. भुपेंद्रदादाने गाव सोडताना दारात उभं राहून ती जागा मोबाईलमध्ये साठवली होती. तेव्हापासूनची त्याची ऐट मला सहन होत नाही.

"वरून पंधरा उपग्रह सांगून राहिले," तो म्हणाला. "तुमचा एक तारा काय सांगन?"

"ध्रुवाले चार्जिंग नाही लागत," बाबा म्हणाले.

दोघांनाही पाण्यात ढकलून द्यावंसं वाटलं मला.

थोड्या वेळाने मोबाईलने सांगितलं, पोचलात. बाबांनी नावाडी तेजरामला थांबू दिलं नाही. ध्रुव अजून खांद्यावर आला नाही म्हणाले. डोंगा पुढे नेला, मागे आणला, पुन्हा पुढे नेला. ध्रुव जागच्या जागी होता. टेकडीच उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी दिसत होती.

"खांदा कोठी गेला?" बाबांनी विचारलं.

तेजरामने वल्हं थांबवलं. "गिट्टीत गेला, कवडूभाऊ. दोन वर्सं झाले."

दादाचा टिप्पर गिट्टी, म्हणजे डोंगर फोडून काढलेली खडी, वाहतो हे बाबांना ठाऊक होतं. कुठली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. दादाने मोबाईल मांडीवर पालथा घातला.

बाबा त्याच्याकडे तोंड करून बसले. मग म्हणाले, "दाखव. आता तुह्याशिवाय आपलं घर कोणालेच ठाऊक नाही."

आम्ही परत फिरलो. दादाने हात केला तिथे तेजरामने बांबू सोडला. तो दगडावर ठक्क वाजला. आमच्या ओट्याचाच दगड असणार. मी गाडगं पाण्यात रिकामं केलं. आई घरी पोचली, आणि ती दादामुळे पोचली, हे मला अजून गिळवत नाही.

बाबांनी हात जोडले नाहीत. टेकडीकडे तोंड करून ते एवढंच म्हणाले, "मी मेलो त मले येथी आणू नोको, भुपेंद्र. तुह्या मोबाईलच्या रस्त्यानं मले घरी जायचं नाही."